सोपा, माजघर आणि फ्लॅट: कोल्हापूरच्या घरातलं लाकूड



आजच्या व्याख्यानाचं नाव वाचून काही जणांना प्रश्न पडला असेल की, जन्मभर तत्त्वज्ञान शिकवलेल्या माणसाला घराच्या सजावटीतलं काय कळतं? प्रश्न रास्त आहे. आम्ही सुतार नाही आणि वास्तुविशारदही नाही. पण अलीकडे आमचे जुने विद्यार्थी भेटतात, त्यातल्या पुष्कळांनी नवा फ्लॅट घेतलेला असतो. बोलण्यात एक वाक्य हमखास येतं: घर शांत वाटायला पाहिजे, सगळं नैसर्गिक, लाकडी करायचंय. आता 'शांत' हा शब्द आला की तो आमच्या प्रांतातला झाला. म्हणून आम्ही या विषयात शिरलो.

यामागे एक समजूत आहे. आजोबांच्या वाड्यात लाकूड होतं, तिथं शांत वाटायचं. म्हणून फ्लॅटमध्ये लाकूड आणलं की शांतता येईल. या समजुतीत अर्धं खरं आहे. उरलेलं अर्धं कुठं हरवलं, हे पाहायचं तर आपल्याच गावाच्या घरांचा इतिहास पाहावा लागतो.

सुरुवात जुन्या घरापासून करू. शिवाजी पेठ, मंगळवार पेठ, शुक्रवार पेठ इथलं जुनं घर डोळ्यांपुढे आणा. किंवा करवीर तालुक्यातल्या एखाद्या गावातलं. पुढं सोपा, मग माजघर, त्याला लागून स्वयंपाकघर आणि देवघर, मागं परडं. ऐपत असेल तर मध्ये चौक. हे घर फुटांत मोजत नव्हते, खणांत मोजत. तीन खणांचं घर, पाच खणांचा सोपा. खण म्हणजे दोन खांबांमधली जागा, साधारण पाच-सहा फुटांची. ही मोजणी का? कारण खांबावर जी तुळई टाकायची तिला लाकडाची लांबी आणि ताकद जेवढी मुभा देईल तेवढंच अंतर ठेवता येणार. खोली किती रुंद करायची हे मालक एकटा ठरवत नव्हता, झाडही ठरवत होतं. हा मुद्दा लक्षात ठेवा, पुढं लागेल.

खांबाखाली दगडी तळखडा. तो का, तर लाकूड जमिनीला टेकलं की ओल खातं आणि वाळवी लागते. खांबावर तुळई, तुळईवर कड्या, कड्यांवर फळ्या किंवा बांबूच्या कामट्या आणि त्यावर मातीचा थर. भिंती पांढऱ्या मातीच्या नाहीतर दगडाच्या, दीड-दोन हात जाडीच्या. सांधे कूस आणि खाच करून बसवलेले, खिळा कमीत कमी. त्यामुळे एक तुळई कुजली तर तेवढीच उतरवून दुसरी चढवता येई. घर म्हणजे सुट्या भागांची जोडणी होती, आणि म्हणून ते दुरुस्त होत राही.

आणि सामान? सामान फार थोडं. बसायला पाट, लिहायला चौरंगासारखं बैठं मेज, धान्याच्या कणग्या, एखादा पेटारा, भिंतीतच केलेलं फडताळ, दिव्याला कोनाडा, कपड्यांना खुंट्या. सोप्यात जाजम आणि लोड, थंडीला घोंगडं. ऐपतदार घरात झोपाळा. रात्री अंथरूण पसरलं की झोपायची खोली, सकाळी गुंडाळलं की तीच बैठक. जमीन मोकळी. आज ज्याला 'मिनिमल' म्हणतात आणि ज्याचे वेगळे पैसे मोजतात, ते आपल्याकडे गरजेतून आणि सवयीतून आलेलं होतं.

शांत का वाटायचं, याची भौतिक कारणं सरळ आहेत. जाड मातीची भिंत दुपारचं ऊन आत पोचायला कित्येक तास लावते. चुना आणि माती हवेतली ओल घेतात आणि सोडतात. लाकडाला हात लावला तर ते गार लागत नाही, कारण काँक्रीटच्या किंवा संगमरवराच्या मानानं ते अंगातली उष्णता फार सावकाश ओढून घेतं. शेणानं सारवलेली जमीन, घोंगडी, जाजम हे आवाज पितात. गुळगुळीत टाइल आवाज परत फेकते. उजेडही बेताचा होता. जपानी लेखक जुनिचिरो तानिझाकी यांनी १९३३ मध्ये सावलीची थोरवी सांगणारा एक निबंध लिहिला. त्यांचं म्हणणं असं की, जुन्या जपानी घराचं सौंदर्य अंधाराच्या छटांवर उभं होतं. आपल्या माजघरात बसलेल्या कुणालाही हे चटकन कळावं.

आता दुसरा मुद्दा. हे लाकूड यायचं कुठून? आपल्या पश्चिमेला सह्याद्री आहे. राधानगरी, दाजीपूर, गगनबावडा, आंबा या पट्ट्यात ऐन, किंजळ, जांभूळ, हिरडा, फणस. साग होता तो मोलाचा, त्यामुळे तो राजवाडे, देवळं, वाडे आणि जहाजं यांना जाई. साध्या माणसाच्या घरात ऐन-जांभूळ, फार तर बांधावरचा आंबा.

इथं आपल्या करवीरच्या गादीशी जोडलेला एक ग्रंथ आठवतो, 'आज्ञापत्र'. रामचंद्रपंत अमात्य बावडेकर यांच्या नावे असलेला हा राजनीतीवरचा ग्रंथ, साधारण १७१५-१६ चा, करवीरच्या संभाजीराजांच्या काळातला. तेव्हा राजधानी पन्हाळ्यावर होती. त्यात आरमाराच्या प्रकरणात लाकडाचा विषय येतो. जहाजांना मोठं लाकूड हवं. मग काय करायचं? अमात्य सांगतात त्याचा आशय असा: अरण्यातलं सागासारखं लाकूड हुजुराची परवानगी घेऊन तोडावं, कमी पडेल ते परमुलखातून विकत आणावं. पण आंबा-फणसाच्या झाडांना हात लावू नये. ती वर्षा-दोन वर्षांत होत नाहीत, रयतेनं ती लेकरासारखी वाढवलेली असतात, ती तोडली तर त्यांच्या दुःखाला पार राहत नाही. झाड अगदीच जीर्ण होऊन कामातून गेलं असेल तर धन्याला राजी करून, पैसे देऊन, त्याच्या संतोषानं घ्यावं. जुलूम करू नये.

हे तीनशे वर्षांपूर्वीचं आहे आणि ते भावनेच्या भरात लिहिलेलं नाही. राज्य चालवणाऱ्या अनुभवी माणसाचा हा व्यवहार आहे. लाकूड ही नुसती वस्तू नाही, तिच्यामागे कुणाची तरी वर्षं आहेत, हे तो मानतो. याहून जुनं उदाहरण म्हणजे सहाव्या शतकातल्या वराहमिहिराची 'बृहत्संहिता'. मूर्तीसाठी झाड तोडण्याआधी त्यात राहणाऱ्या जीवांना दुसरीकडे जाण्याची विनंती करावी, असा विधी तिथं दिला आहे. विधीवर आपला विश्वास असो वा नसो, तोडण्याआधी थांबायचं, विचारायचं, ही त्यामागची शिस्त ध्यानात घेण्यासारखी आहे.

पण मित्रहो, इथं सावध व्हायला हवं. जुन्या घराचं गुणगान करताना आपण ते सोप्यातून बघतो. स्वयंपाकघरातून कोण बघतो?

शेणानं सारवणं दर आठ-पंधरा दिवसांनी. भिंतींना पोतेरं. सणाआधी रंगसफेदी. चुलीचा धूर डोळ्यांत. परड्यातल्या आडाचं पाणी शेंदून आणायचं. हे सगळं बायका करत होत्या. शाकारणीच्या वेळी छपरावर चढणारे, माती कालवणारे, लाकूड वाहून आणणारे वेगळे होते, आणि त्यातल्या पुष्कळांना त्या घराच्या सोप्यापलीकडं प्रवेश नव्हता. सुतार हा गावगाड्यातला थोरल्या कासेतला बलुतेदार. त्याच्या हातावर घर उभं, पण त्याचं स्वतःचं घर दोन खणांचं. जुन्या घराची शांतता फुकट नव्हती, तिची किंमत कुणीतरी रोज मोजत होतं.

मराठीत यासाठी एक नेमका शब्द आहे: निगा. घराची निगा, गुराची निगा, झाडाची निगा. जर्मन तत्त्वज्ञ मार्टिन हायडेगर यांनी १९५१ मध्ये बांधणं आणि वसणं या विषयावर एक गाजलेलं व्याख्यान दिलं. महायुद्धानंतर जर्मनीत घरांची टंचाई होती, तो काळ. त्यांचा रोख असा होता की, घरं पुरेशी बांधली म्हणजे माणूस वसला असं नव्हे. वसणं म्हणजे जपणं, राखणं. आमच्या मते आपला 'निगा' हा शब्द हेच कमी शब्दांत सांगतो. आमचं आजचं मुख्य म्हणणं एवढंच आहे: जुन्या घरातली शांतता लाकडात नव्हती, लाकडाच्या निगेत होती. आणि त्या घरातला अन्याय म्हणजे निगा एकानं राखायची आणि शांतता दुसऱ्यानं भोगायची.

आता तिसरा टप्पा, बदलाचा. राजधानी १७८२ च्या सुमारास पन्हाळ्यावरून कोल्हापुरात आली तेव्हापासून गाव वाढत गेलं. पण घराची रीत बदलली ती एकोणिसाव्या शतकाच्या शेवटी. १८९१ मध्ये मिरजेहून रेल्वे आली. १८९५ मध्ये शाहू महाराजांनी शाहूपुरीची पेठ वसवली, गुळाचा व्यापार वाढला. मंगलोरी कौलं तर १८६५ पासून बासेल मिशनच्या कारखान्यात होऊ लागली होती. तीही हळूहळू सगळीकडं पोचली. रेल्वेबरोबर लोखंडी गर्डर येऊ लागले. गर्डर आला आणि खण मोडला. आता झाड सांगेल तेवढीच खोली, हे बंधन उरलं नाही.

त्याआधीच, १८७७ ते १८८४ या काळात, मेजर मँट यांच्या आराखड्यावर नवा राजवाडा काळ्या दगडात उभा राहिला. खुर्ची, टेबल, कपाट ही दरबारातून आणि कचेरीतून घरात आली. जमिनीवर बसणारं घर हळूहळू उंचावर बसू लागलं. एकदा खुर्ची आली की खोलीला नाव पडतं: ही बसायची, ही जेवायची, ही झोपायची. सामान वाढतं, जमीन झाकते. राजारामपुरीच्या आखीव गल्ल्यांतले बंगले बघा. पुढं व्हरांडा, शहाबादी नाहीतर रंगीत सिमेंटची फरशी, सागवानी दारं-खिडक्या. आमच्या मते तो मधला काळ चांगला होता. सिमेंट आलं होतं, पण सुतार गेला नव्हता.

सुतारावरून एक गोष्ट सांगायला हवी. या गावात लाकडावर चालणाऱ्या हाताला केवढी बुद्धी होती याचा पुरावा म्हणजे बाबूराव पेंटर, मूळचे बाबूराव मेस्त्री. त्यांनी चित्रपटाचा कॅमेरा इथं स्वतःच्या हातांनी घडवला आणि कोल्हापुरात महाराष्ट्र फिल्म कंपनी काढली. कारागिराच्या घरात वाढलेल्या माणसाची ही करामत. हात आणि डोकं वेगळं काढायची सवय आपल्याला नंतर लागली.

मग आला फ्लॅट. महाराष्ट्रात मालकी हक्काच्या फ्लॅटचा कायदा १९६३ चा. कोल्हापुरात फ्लॅटची खरी लाट त्यानंतर बरीच उशिरा आली; ताराबाई पार्क, नागाळा पार्क, रुईकर कॉलनी असं करत आता ती पेठांत शिरली आहे. वाटण्या झालेला वाडा पाडायचा, विकसकाला द्यायचा, प्रत्येक भावाला एक फ्लॅट. यात कुणाला दोष द्यावा असं आम्हाला वाटत नाही. वाटेकरी आठ आणि जिना एक, छप्पर गळतंय, दुरुस्तीला कुणी पैसे काढत नाही, अशा घरात राहणाऱ्यांना वाडा वारसा वाटत नाही, ओझं वाटतो.

लाकडाचंही तसंच. १२ डिसेंबर १९९६ ला गोदावर्मन खटल्यात सर्वोच्च न्यायालयानं जंगलतोडीवर आणि परवान्याशिवाय चालणाऱ्या आरा गिरण्यांवर कडक निर्बंध आणले. जंगलाच्या दृष्टीनं ते आवश्यकच होतं. सागवान महाग होतच होतं. त्याची जागा प्लाय, एमडीएफ आणि पार्टिकल बोर्डनं घेतली. वरून सनमायका. या सनमायकाच्या जातीच्या पत्र्याचा जन्म बघा. १९१२ मध्ये अमेरिकेत ओ'कॉनर आणि फेबर या दोघांनी विजेच्या कामात अभ्रकाऐवजी वापरता येईल असा थर शोधला. अभ्रक म्हणजे इंग्रजीत मायका. मायकाच्या ऐवजी म्हणून त्याचं नाव फॉर्मायका. म्हणजे मुळात हा पदार्थ जन्मला तोच दुसऱ्या कशाच्या तरी ऐवजी. पुढं त्यावर लाकडाच्या रेघा छापल्या आणि तो लाकडाच्या ऐवजी आला.

पण आम्ही सनमायकाला शिव्या देणार नाही. ज्या बाईनं वीस वर्षं चूल आणि सारवण केलं, तिला ओल्या फडक्यानं पुसता येणारा ओटा मिळाला तेव्हा तिला काय वाटलं असेल, ते समजून घ्या. तिची तक्रार निगेबद्दल नव्हती, एकटीनंच निगा राखण्याबद्दल होती. बाजारानं मात्र तिला वेगळं उत्तर दिलं: निगाच नको. 'मेंटेनन्स फ्री' हा शब्द तेव्हापासून कौतुकाचा झाला. आणि ज्याची निगा राखता येत नाही ते दुरुस्तही होत नाही. खराब झालं की फेका.

याची परीक्षा आपल्या पंचगंगेनं घेतली. २०१९ च्या ऑगस्टमध्ये राजाराम बंधाऱ्याजवळ पाणी ५५ फुटांच्या वर गेलं. धोक्याची पातळी आहे ४३ फूट. २०२१ ला पुन्हा तसंच. पाणी ओसरल्यावर सखल भागातल्या रस्त्यांच्या कडेला सामानाचे ढीग लागले होते. आपल्यापैकी पुष्कळांनी ते पाहिलेत. फुगलेले बोर्ड, सुटलेले पापुद्रे, उघडी पडलेली कपाटं. पार्टिकल बोर्ड भुसा आणि डिंकाचा. पाणी प्यायला की तो परत आकाराला येत नाही. सागाचा पाट किंवा जुनं दार मात्र धुऊन, सावलीत वाळवून, रंधा मारून पुन्हा वापरता येतं. कर्जाचे हप्ते चालू आणि कपाट कचऱ्यात, अशी वेळ किती तरी कुटुंबांवर आली. तेव्हा लाकूड कसलं आहे हा प्रश्न नुसत्या आवडीनिवडीचा नाही.

मग फ्लॅटमध्ये करायचं काय? वाडा परत येणार नाही आणि यायलाही नको. पण सिमेंटच्या घरात शांतता शक्य आहे, याची उदाहरणं आपल्या देशातच आहेत. एक पाँडिचेरीचं गोलकोंड, अरविंद आश्रमाचं वसतिगृह. अँटोनिन रेमंड यांनी १९३० च्या दशकात आखलेलं, जॉर्ज नाकाशिमा या पुढं लाकूडकामासाठी जगप्रसिद्ध झालेल्या माणसानं देखरेख केलेलं. इमारत काँक्रीटची, भारतातल्या अगदी सुरुवातीच्या अशा इमारतींपैकी. पण खोल्यांना सागवानी सरकती दारं, दाराच्या पट्ट्यांतून वारा, बाहेरच्या बाजूला उघडमीट होणाऱ्या आडव्या झडपा, पायाखाली काळा दगड, आणि खोलीत सामान मोजकं. दुसरं उदाहरण आपल्या महाराष्ट्रातलं, सेवाग्रामची बापूकुटी, १९३६ च्या आसपासची, मीराबेन यांच्या देखरेखीखाली झालेली. माती, बांबू, लाकूड, कौल. खोलीत चटई आणि बैठं मेज. एक आधुनिक, एक ग्रामीण. दोन्हीकडं लाकूड थोडंच आहे. मोकळी जागा जास्त आहे, आणि रोजची झाडलोट ही तिथं राहणाऱ्यांची स्वतःची साधना होती.

यावरून काही व्यवहाराच्या गोष्टी सांगतो. पहिली, भिंतभर लाकूड लावू नका. एक दार, एक मेज, एक बाक खऱ्या लाकडाचा घ्या, जिथं रोज हात लागतो तिथं. हात लागल्यानं लाकूड शोभतं, लांबून बघण्यासाठी केलेल्या पॅनेलला तो मान मिळत नाही. दुसरी, टिंबर मार्केटमधल्या किंवा कुठल्याही वखारीत पाडलेल्या वाड्यांचं जुनं सागवान मिळतं. ते ऐंशी-शंभर वर्षं वाळलेलं असतं, आता पिळवटत नाही. त्यासाठी नवं झाड पडत नाही. आज्ञापत्रातल्या जीर्ण झाडाच्या अटीत ते बसतं. फक्त विकणाऱ्याला विचारा कुठल्या घराचं, आणि ते ठिकाण मुलांना सांगा. तिसरी, लाकडाला वरून चकचकीत थर देण्याऐवजी जवसाचं तेल लावा. वर्षातून एकदा पुन्हा लावावं लागेल. तेवढं लागू द्या. चौथी, पाटाची, घोंगड्याची, चटईची सोय ठेवा. जमिनीवर बसलं की खोली मोठी होते, हे आपल्या पूर्वजांना माहीत होतं. आणि पाचवी, छपाईचा मोह टाळा. सिमेंट असेल तर ते सिमेंट दिसू द्या, त्यावर लाकडाचा फोटो चिकटवू नका. खोटं बोलणाऱ्या माणसाशेजारी जशी शांतता लाभत नाही, तशी खोट्या वस्तूशेजारीही लाभत नाही.

सहावी गोष्ट या सगळ्यांपेक्षा महत्त्वाची, आणि ती कुठल्याही दुकानात मिळत नाही. घरात जे काही लाकडाचं आणाल त्याची निगा कोण राखणार, हे आणण्याआधी घरात बसून ठरवा. पुसायचं कुणी, तेल लावायचं कुणी, ढिला झालेला सांधा सुताराकडं न्यायचा कुणी. हे सगळं जर पुन्हा आईच्या, सुनेच्या किंवा कामाला येणाऱ्या मावशींच्या वाट्याला जाणार असेल, तर तुम्ही वाड्याची शांतता आणली नाही, वाड्याचा अन्याय तेवढा आणलात. मग त्यापेक्षा सनमायका बरा. पण घरातले सगळे, पुरुष आणि मुलंसुद्धा, वर्षातून एक रविवार फडकं आणि तेल घेऊन बसणार असतील, तर दोन खोल्यांच्या फ्लॅटमध्येही जे घडेल ते त्या जुन्या घरात पूर्णपणे कधी घडलंच नव्हतं.

अमात्यांनी झाडाच्या धन्याचा संतोष बघायला सांगितला होता. आपण त्यात निगा राखणाऱ्याचा संतोष जोडू या. एवढं सांगून आम्ही थांबतो.